संगणकाच्या स्पीकरमधील हमिंग : स्पीकर उघडण्याआधी करायच्या तपासण्या

लक्षणे

संगणक चालू आहे, गाणे किंवा चित्रफीत काहीही लावलेले नाही, आणि तरीही स्पीकरमधून ‘घूंऽऽ’ असा सलग आवाज येत राहतो, ही या तक्रारीची सर्वसाधारण ओळख आहे. दुरुस्तीच्या दुकानात तिला सरसकट ‘हमिंग’ म्हणतात. मात्र या एका नावाखाली निरनिराळे दोष येतात आणि प्रत्येकाचा आवाज थोडा वेगळा असतो, म्हणून हातात स्क्रू-ड्रायव्हर घेण्याआधी दोन मिनिटे नुसते ऐकावे.

आवाज खर्जातला, मऊ आणि एकसुरी असेल, तर तो बहुधा बाहेरून शिरलेला विजेचा कंप असतो. आपल्याकडे घरगुती वीज 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ अशी येते, आणि हा 50 हर्ट्झचा कंप तारांमधून किंवा जवळच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्वनीच्या मार्गात येतो. लहान स्पीकरना इतका खालचा सूर नीट वाजवता येत नाही, त्यामुळे 2.1 संचांत, म्हणजे दोन छोटे स्पीकर आणि खर्जासाठी एक वूफर असलेल्या संचांत, तो अधिक जाणवतो. त्याच जातीचा, पण अधिक भरीव आणि ठळक आवाज 100 हर्ट्झचा असतो. स्पीकरच्या आतील वीजपुरवठ्यात उलटसुलट वाहणाऱ्या प्रवाहाच्या दोन्ही अर्धलहरी एकाच दिशेला वळवल्या जातात, म्हणून सेकंदाला 50 लहरींचे 100 ठोके होतात. ज्यांचा कान सुरात तयार आहे त्यांना येथे एक गंमत आढळेल. खालच्या सप्तकातील पांढरी पाच 98 हर्ट्झला येते, म्हणजे 100 हर्ट्झचे हमिंग तिच्या किंचित वर लागते आणि 50 हर्ट्झचे बरोबर एक सप्तक खाली. दोन्हींचा सूर एकच असल्याने फरक सप्तकाने ओळखावा लागतो.

आवाज मऊ नसून ‘झर्र’ असा कर्कश असेल, तर पंख्याचा रेग्युलेटर, दिव्याचा डिमर किंवा इन्व्हर्टर यांच्याकडे पाहावे. माउस हलवला, पान खाली सरकवले किंवा मोठी फाइल उघडली की ‘चिर्र’ असा बारीक आवाज बदलत असेल, तर तो संगणकाच्या आतल्या कामाचा आवाज आहे. सलग ‘सीऽऽ’ असा हवेसारखा आवाज हे हमिंग नव्हेच. तो अँप्लिफायरचा स्वतःचा गोंगाट असतो आणि खालच्या उपायांनी जाणार नाही. फोन येण्याच्या क्षणभर आधी ‘टर्र-टर्र’ असे तुकड्यातुकड्यांनी वाजत असेल, तर मोबाइल स्पीकरपासून हातभर दूर ठेवावा, विषय तेथेच संपतो.

आवाजाच्या जातीइतकेच त्याच्या वागण्याकडेही लक्ष द्यावे. स्पीकरचे आवाजाचे बटण फिरवल्यावर हमिंग कमी-जास्त होते की तेवढेच राहते? लॅपटॉप चार्जिंगला लावल्यावरच येते का? संगणकाच्या कॅबिनेटला किंवा पिनला हात लागला की बदलते का? काही घरांत ते एप्रिल-मे महिन्यांत वाढते आणि पावसाळ्यात आपोआप कमी होते. ऐकायला विचित्र वाटले तरी त्याला सरळ कारण आहे आणि ते पुढे येईल.

पंधरा-सोळा वर्षे शेजारीपाजारी, नातेवाइकांकडे आणि एका वाचनालयात हाच दोष काढत आलो आहे. ‘स्पीकर गेला’ म्हणून माझ्यासमोर आलेल्या बहुतेक संचांत स्पीकर ठणठणीत होता. स्पीकर फक्त ऐकवतो. आवाज कोठून शिरला हे तो सांगत नाही, ते आपल्याला एकेक वस्तू मार्गातून काढून शोधावे लागते.

पहिली तपासणी : स्पीकरचे बटण

स्पीकरवरील आवाजाचे बटण पूर्ण शून्यावर आणावे. हमिंग पूर्ण थांबले, तर आवाज बटणाच्या अलीकडून, म्हणजे तारेतून, संगणकातून किंवा घरातील वायरिंगमधून येत आहे. बटण शून्यावर असतानाही हमिंग तेवढेच राहिले, तर ते बटणाच्या पलीकडे, स्पीकरच्या पोटातच तयार होत आहे. काही नव्या संचांत बटण फिरतच राहते आणि शून्य कळत नाही. अशा संचात आवाज अगदी कमी करून फरक पडतो का एवढेच पाहावे.

येथेच आणखी एक खात्री करावी. स्पीकरच्या पडद्याऐवजी खोक्याच्या मागच्या बाजूला कान नेल्यास आवाज मोठा वाटतो का? तसे असेल तर ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी पट्ट्याच थरथरत आहेत. हा यांत्रिक आवाज आहे. खोक्याखाली रबराचे पाय बसवल्याने किंवा खोके पोकळ लाकडी फळीवरून घट्ट जागी हलवल्याने तो पुष्कळदा सुसह्य होतो.

दुसरी तपासणी : मोबाइल लावून पाहणे

सगळ्या तपासण्यांतून एकच ठेवायची असेल तर मी ही ठेवीन. स्पीकरची 3.5 मिलिमीटरची पिन संगणकातून काढावी आणि चार्जरला न जोडलेल्या, बॅटरीवर चालणाऱ्या मोबाइलमध्ये घालावी. मोबाइलला तसे छिद्र नसेल तर जुना एमपी3 प्लेअर किंवा बॅटरीवरचा रेडिओही चालेल. बॅटरीवरील उपकरणाचा घरातील विजेशी काहीच संबंध नसतो, त्यामुळे ते निर्दोष साक्षीदार ठरते.

मोबाइल लावल्यावर स्पीकर शांत झाला, तर स्पीकर आणि त्याची तार दोन्ही चांगली आहेत आणि दोष संगणकाकडे किंवा अर्थिंगकडे आहे. मोबाइल लावूनही हमिंग राहिले, पण बटण शून्यावर नेल्यावर थांबले, तर तारेचा, पिनचा किंवा जवळ ठेवलेल्या एखाद्या उपकरणाचा संशय घ्यावा. मोबाइलवरही आणि शून्यावरही तेच हमिंग असेल, तर पुढच्या ‘दोष स्पीकरच्या आतच असेल तर’ या भागाकडे जावे.

पिन नुसती काढून हवेत लोंबकळत ठेवून निष्कर्ष काढू नये. मोकळ्या पिनच्या टोकाला बोट लागले की स्पीकर मोठ्याने घुमतो, कारण आपले शरीर खोलीतील विजेच्या तारांचा कंप अँटेनासारखा पकडते. तो दोष नाही. उलट अँप्लिफायर जिवंत असल्याची ती खूण आहे.

तिसरी : संगणकातील आवाजाची मांडणी

यात खर्च शून्य आहे, म्हणून पुढे जाण्याआधी करून टाकावे. पुष्कळ लोक संगणकाचा आवाज वीस टक्क्यांवर ठेवतात आणि स्पीकरचे बटण पूर्ण उघडतात. तारेत शिरणारे हमिंग ठरावीक मापाचे असते. संगणकाकडून येणारा सूर क्षीण असेल तर अँप्लिफायर त्या सुरासोबत हमिंगही तेवढ्याच पटीने वाढवतो. संगणकाचा आवाज 80 टक्क्यांच्या आसपास नेऊन बटण खाली आणले की गाणे तेवढेच मोठे राहते आणि हमिंग मागे पडते. कित्येक घरी मी एवढेच करून, चहा घेऊन परत आलो आहे.

विंडोजमध्ये मायक्रोफोनच्या गुणधर्मांत ‘लिसन टू धिस डिव्हाइस’ हा पर्याय चुकून सुरू राहिला, तर मायक्रोफोनवर येणारा खोलीतील पंख्याचा आवाज आणि तारेतील गुणगुण थेट स्पीकरवर वाजते. तो बंद करावा आणि ‘मायक्रोफोन बूस्ट’ खाली आणावा. डेस्कटॉपवर पिन कॅबिनेटच्या पुढच्या बाजूला लावलेली असेल, तर ती मागच्या हिरव्या छिद्रात लावावी. पुढच्या छिद्राला मदरबोर्डपासून येणारी बारीक तार कॅबिनेटच्या आत पंखे आणि इतर तारांजवळून फिरून येते, आणि माउससोबत बदलणारा ‘चिर्र’ आवाज पुष्कळदा तेथेच मिसळतो.

चौथी : तारा आणि शेजारच्या वस्तू

ध्वनीच्या तारेत मध्ये सूर वाहून नेणारे धागे आणि त्यांच्याभोवती धातूची जाळी असते. ही जाळी दोन कामे करते. ती बाहेरचा कंप आत येऊ देत नाही, आणि सुराचा परतीचा मार्गही तीच असते. पिनजवळ वाकून वाकून जाळीचे धागे तुटले, की आवाज एकदम मोठ्या हमिंगसह येतो आणि पिन हलवली की थांबतो किंवा करकरतो. कोकणातील किंवा गोव्यातील खाऱ्या, दमट हवेत पिनवर हिरवट थर चढतो. उपकरणे बंद करून आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या सुती कापडाने पिन पुसावी आणि छिद्रात चार-सहा वेळा आत-बाहेर करावी. तरीही फरक न पडल्यास तार बदलावी. जुन्या तारेवर चिकटपट्टी गुंडाळण्यात अर्थ नाही, कारण चिकटपट्टी तुटलेली जाळी जोडत नाही.

टेबलामागे सगळ्या तारांची एकच जुडी बांधण्याची सवय नीटनेटकेपणाची असली तरी हमिंगला पोषक आहे. विजेची तार आणि ध्वनीची तार समांतर जात असतील तर वीतभर अंतर ठेवावे, आणि ओलांडावेच लागले तर काटकोनात ओलांडावे. समांतर लांबी जितकी अधिक, तितका एका तारेतील कंप दुसरीत अधिक उतरतो. यूपीएस, स्टॅबिलायझर आणि तांब्याच्या चोकची जुनी ट्यूबलाइट यांच्याभोवती 50 हर्ट्झचे चुंबकीय क्षेत्र असते, आणि त्याला तारेची जाळी फारशी अडवू शकत नाही. तेथे अंतर हाच उपाय आहे. स्पीकर हातात धरून हळूहळू फिरवला आणि हमिंग कमी-जास्त झाले, तर हेच कारण आहे असे समजावे.

पाचवी : लॅपटॉपचा चार्जर

चार्जर काढल्याबरोबर स्पीकर शांत होत असेल, तर निदान जवळजवळ झाले. चार्जरच्या आत मुख्य विजेची बाजू आणि लॅपटॉपची बाजू यांच्यामध्ये एक लहान कपॅसिटर मुद्दाम बसवलेला असतो. चार्जरचा रेडिओ गोंगाट आटोक्यात ठेवण्याचे त्याचे काम असते. त्याच्यातून अगदी थोडा प्रवाह सतत झिरपतो. दोन पिनांच्या चार्जरवर धातूच्या लॅपटॉपवरून मनगट फिरवताना हलक्या झिणझिण्या जाणवतात, त्या याच प्रवाहाच्या. या प्रवाहाला जमिनीत जाण्याचा सरळ रस्ता नसला की तो स्पीकरच्या तारेच्या जाळीतून रस्ता शोधतो आणि वाटेत हमिंग पेरतो.

चार्जर तीन पिनांचा असेल तर तो खरोखर अर्थिंग असलेल्या सॉकेटमध्ये लावावा आणि मध्ये दोन पिनांचा अडॅप्टर वापरू नये. चार्जर स्वस्तातला, बदली घेतलेला असेल तर मूळ प्रकारचा, योग्य क्षमतेचा चार्जर कोणाकडून तासभर मागून आणून ताडून पाहावे.

यूएसबीवर चालणाऱ्या छोट्या स्पीकरची गोष्ट थोडी वेगळी आहे. त्यांना वीज आणि सूर दोन्ही एकाच लॅपटॉपमधून, पण दोन वेगळ्या तारांनी मिळतात, त्यामुळे परतीचे दोन मार्ग तयार होतात आणि संगणकाच्या आतील सगळी चिरचिर त्यांत मिसळते. यूएसबीची पिन मोबाइलच्या साध्या 5 व्होल्टच्या चार्जरमध्ये लावली की ही चिरचिर बहुधा जाते.

सहावी : वेटोळे

आतापर्यंतच्या तपासण्यांनी न सुटलेले हमिंग बहुतेक वेळा येथे सापडते. दुकानदार याला ‘ग्राउंड लूप’ म्हणतात. दोन उपकरणे एकमेकांना ध्वनीच्या तारेने जोडलेली आहेत आणि त्याखेरीज दोघांचीही अर्थची जोडणी वेगवेगळ्या ठिकाणी झालेली आहे, असे असले की तारांचे एक बंद वेटोळे तयार होते. घरातील दोन सॉकेटांच्या अर्थमध्ये काही मिलिव्होल्टचा फरक असणे अगदी नेहमीचे आहे. एरवी त्याने काहीही बिघडत नाही, पण संगणकाकडून येणारा सूरच मुळात सुमारे एक व्होल्ट किंवा त्याहून कमी असतो, त्यामुळे त्याच तारेत आलेले ते थोडे मिलिव्होल्टही स्पष्ट ऐकू येतात.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे संगणक, मॉनिटर आणि स्पीकर एकाच चांगल्या एक्स्टेंशन बोर्डवर आणणे. अर्थचा बिंदू एकच झाला की वेटोळे लहान होते. तेवढ्याने न भागल्यास संगणकाला बाहेरून जोडलेल्या वस्तू, म्हणजे प्रिंटर, टीव्हीकडे जाणारी एचडीएमआय, बाहेरची हार्ड डिस्क, अशा एकेक करून काढाव्यात आणि प्रत्येक वेळी ऐकावे. सगळ्या एकदम काढल्या तर आवाज जातो, पण कोणामुळे येत होता हे कळत नाही.

या यादीत केबल टीव्हीची गोल तार अगदी वर ठेवावी. आमच्याच इमारतीतील एका निवृत्त शिक्षकांनी हमिंगसाठी स्पीकर दोनदा दुरुस्तीला दिला होता. दोन्ही वेळा आतील कपॅसिटर बदलले गेले, दोन्ही वेळा दुकानात तो शांत वाजला आणि घरी आणल्यावर पुन्हा घुमू लागला. त्यांचा संगणक एचडीएमआयने टीव्हीला आणि टीव्ही सेट-टॉप बॉक्सला जोडलेला होता. सेट-टॉप बॉक्सच्या मागची केबलची तार मी फिरवून सोडवली, तोच खोली शांत झाली. केबलच्या तारेची बाहेरची जाळी गच्चीवरून, खांबांवरून कोठे कोठे अर्थला टेकत येते आणि टीव्हीमार्गे संगणकाच्या अर्थशी येऊन मिळते. म्हणजे वेटोळे एका खोलीचे न राहता आख्ख्या गल्लीचे होते. गच्चीवरील डीटीएचच्या छत्रीबाबतही हेच घडू शकते. अशा तारेत बसवायचा आयसोलेटर मिळतो, तो केबलवाल्याकडूनच बसवून घ्यावा. केबलची तार सोडवताना ठिणगी दिसली किंवा हाताला झटका जाणवला, तर मात्र तिला पुन्हा हात न लावता केबलवाल्याला बोलवावे.

ब्रॉडबँडच्या साध्या लॅन तारेवर लोक उगाच संशय घेतात. तिच्या दोन्ही टोकांना छोटे ट्रान्सफॉर्मर असतात आणि विजेची सलगता तेथेच तुटते. धातूचे वेष्टन असलेली लॅन तार वापरली असेल तरच तिचा विचार करावा.

सातवी : अर्थिंग

डेस्कटॉपच्या वीजपुरवठ्यात फेज आणि न्यूट्रल यांच्यापासून कॅबिनेटकडे जाणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग शाबूत असेल तर त्यांतून झिरपणारा प्रवाह निमूटपणे जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेट 230 च्या निम्म्यावर, म्हणजे सुमारे 115 व्होल्टवर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्याने झिणझिण्यांपलीकडे काही जाणवत नाही, पण टेस्टर मंद पेटतो आणि स्पीकर घुमतो. कॅबिनेटला हात लागताच हमिंग बदलत असेल, तर हीच शक्यता धरावी. जुन्या वाड्यांत आणि चाळींत सॉकेटला तिसरे भोक असते, पण त्यामागे तार नसते, हे मी इतक्या वेळा पाहिले आहे की नव्या ठिकाणी गेल्यावर आधी तेच पाहतो.

आता उन्हाळ्याची गोष्ट. अर्थिंगचा खड्डा ओल्या मातीवर अवलंबून असतो. मुरमाड किंवा खडकाळ जमीन वैशाखात कोरडी पडली की तिचा विरोध वाढतो आणि प्रवाह नीट मुरत नाही. पाऊस पडला की तो पुन्हा मुरू लागतो. म्हणूनच जुने वायरमन खड्ड्यात मीठ-कोळसा घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओतायला सांगतात. खड्डा आपल्या आवारात असेल आणि त्यावर पाणी घालण्याची नळी ठेवलेली असेल, तर दोन बादल्या पाणी ओतून दुसऱ्या दिवशी स्पीकर ऐकावा. ही तपासणी फुकट आहे आणि तिने घराचेही भले होते.

सॉकेटमध्ये घालायचा तीन दिव्यांचा छोटा तपासणी-प्लग विजेच्या साहित्याच्या दुकानात स्वस्तात मिळतो. अर्थची तार तुटलेली आहे किंवा फेज-न्यूट्रल उलटे आहेत एवढे तो दिव्यांच्या खुणेवरून सांगतो. अर्थिंग किती चांगले आहे हे मात्र त्याला सांगता येत नाही. ते मोजण्याचे यंत्र वेगळे असते आणि ते चालवणे वायरमनचे काम आहे.

या टप्प्यावर दोन गोष्टी कोणीही, कोणाच्याही सांगण्यावरून करू नयेत. पहिली म्हणजे प्लगची अर्थची जाड पिन कापणे किंवा तिच्यावर चिकटपट्टी लावणे. हमिंग थांबते हे खरे. पण उद्या आत फेजची तार धातूला टेकली, तर तो प्रवाह जमिनीत नेणारी वाट आपण बंद केलेली असते आणि पुढचा मार्ग माणसाच्या शरीरातून जातो. दुसरी म्हणजे सॉकेटच्या मागे न्यूट्रलची तार अर्थच्या भोकाला जोडून ‘अर्थिंग करून देणे’. काही लोक हे पन्नास रुपयांत करून देतात. असे केलेल्या घरात त्या जोडणीच्या आधी न्यूट्रलची तार कोठेही तुटली की संगणकाचे, फ्रिजचे, गीझरचे धातूचे अंग सरळ फेजवर येते. असे जोडलेले आढळले तर हमिंगचा विचार बाजूला ठेवून आधी मेन स्विच बंद करावा.

आठवी : इन्व्हर्टर आणि रेग्युलेटर

वीज गेल्यावरच आवाज कर्कश होत असेल तर फार शोधावे लागत नाही. स्वस्त इन्व्हर्टर विजेची गोलाईदार लहर न देता चौकोनी लहर देतो, आणि चौकोनी लहरीत 50 सोबत 150, 250, 350 हर्ट्झचे वरचे कंपही असतात. तेच स्पीकरमधून ‘झर्र’ वाजतात. छताचा पंखाही त्याच वेळी घोंगावू लागला तर खात्री झालीच. साइन वेव्ह इन्व्हर्टर हा पक्का उपाय. पण केवळ स्पीकरसाठी तो घ्यावा असे मी सांगणार नाही, वीज येईपर्यंत हेडफोन लावावा. पंख्याचा गोल फिरणारा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर प्रत्येक अर्धलहर मध्येच कापतो, म्हणून पंखा पूर्ण वेगावर नेल्यावर किंवा बंद केल्यावर आवाज जात असेल, तर टप्प्याटप्प्याने फिरणारा कपॅसिटरचा रेग्युलेटर बसवून घ्यावा.

पैसे खर्च करायचेच झाले तर

वेटोळे सापडले, पण ज्या वस्तूमुळे होते ती काढता येत नाही, अशा वेळी ध्वनीच्या तारेत बसवायचा ग्राउंड लूप आयसोलेटर काही शे रुपयांत मिळतो. त्यात दोन लहान ट्रान्सफॉर्मर असतात. सूर चुंबकीय मार्गाने पलीकडे जातो आणि तारांची सलगता तुटते. स्वस्त आयसोलेटरमध्ये खर्ज थोडा पातळ होतो, तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा कमी झाल्यासारखा वाटतो, एवढी किंमत मोजावी लागते. संगणकाच्या आतील चिरचिरीसाठी बाहेरचे यूएसबी साउंड कार्ड चांगले, पण वेटोळ्यावर ते खात्रीचे औषध नाही, कारण यूएसबीच्या तारेतूनही अर्थ पुढे जातोच. संगणक आणि स्पीकर दोन्हीकडे ऑप्टिकल जोडणी असेल तर तीच वापरावी. प्रकाशाच्या तारेतून हमिंग जाऊ शकत नाही. ब्लूटूथनेही संगणकाकडील संबंध तुटतो. हे सगळे मोबाइलची तपासणी केल्यानंतरच विकत घ्यावे, कारण दोष स्पीकरच्या आत असेल तर यांपैकी कशाचाही उपयोग होत नाही.

दोष स्पीकरच्या आतच असेल तर

बटण शून्यावर, मोबाइल लावलेला, आणि तरीही 100 हर्ट्झचा भरीव घुमारा, तोही वर्षागणिक वाढत गेलेला, असे असेल तर वीजपुरवठ्यातील मोठा कपॅसिटर म्हातारा झाला आहे. त्याचे काम पाण्याच्या टाकीसारखे आहे. सेकंदाला 100 वेळा धक्क्याधक्क्याने येणारी वीज साठवून तो अँप्लिफायरला संथ धार देतो. ढोबळ हिशेबाने, एक अँपिअर प्रवाह घेणाऱ्या संचात 4,700 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर असेल तर व्होल्टेजची लहर सुमारे 2 व्होल्टची राहते, आणि तेवढी अँप्लिफायर पचवतो. उष्णतेने आतील द्राव सुकून क्षमता 1,000 वर आली, तर तीच लहर सुमारे 10 व्होल्टची होते. मग हमिंग लपत नाही आणि मोठ्या आवाजात गाणेही फाटते. जुन्या 2.1 संचांत आढळणाऱ्या टीडीए 2030 सारख्या चिपला दोष देण्याआधी हा कपॅसिटर पाहावा. त्याचे वरचे टोक फुगलेले असते किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसतो, पण बाहेरून ठीक दिसणारा कपॅसिटरही आतून सुकलेला असू शकतो.

पाहावा असे म्हटले ते दुरुस्ती करणाऱ्यासाठी. खोक्याच्या आत थेट 230 व्होल्टच्या जोडण्या असतात आणि प्लग काढल्यानंतरही मोठे कपॅसिटर काही काळ भारलेले राहतात. डाग देण्याचा, म्हणजे सोल्डरिंगचा, सराव नसलेल्या माणसाने येथे थांबावे. कपॅसिटर उलटा जोडला गेला तर तो फुटतो, आणि मूळच्यापेक्षा कमी व्होल्टचा बसवला तरी तीच गत होते.

कोठे थांबायचे

कोणत्याही धातूला हात लावल्यावर झिणझिण्यांपेक्षा मोठा झटका बसला, जळका वास आला, सॉकेट किंवा प्लग गरम लागला, हमिंग सुरू झाल्यापासून आरसीसीबी (विजेची गळती झाल्यास पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडू लागला, किंवा घरातील दिवे एकदम प्रखर आणि एकदम मंद होऊ लागले, तर ही ध्वनीची तक्रार उरत नाही. मेन स्विच बंद करून परवानाधारक वायरमनला बोलवावे. दिवे असे हेलकावे खात असतील तर न्यूट्रल सैल झाल्याची शक्यता असते आणि तो दोष मीटरच्या अलीकडे आहे की पलीकडे हे ठरेपर्यंत वीज कंपनीलाही कळवावे. वायरमनकडून अर्थिंगचा विरोध यंत्राने मोजून आकडा लिहून घ्यावा; नुसता टेस्टर लावून ‘अर्थिंग ठीक आहे’ असे सांगणाऱ्याचे ऐकू नये.

स्पीकर दुकानात न्यायचाच झाला तर सोबत चिठ्ठी द्यावी: बटण शून्यावर आवाज राहतो की जातो, बॅटरीवरच्या मोबाइलवर येतो की नाही, कोणती तार काढल्यावर बदलला. नुसते ‘आवाज येतो’ एवढेच सांगून ठेवून आलात, तर दुकानातल्या चांगल्या अर्थिंगवर तो शांत वाजेल, तपासणीचे पैसे घेऊन तसाच परत मिळेल, आणि घरी प्लग लावताच पुन्हा घुमू लागेल.